पहिलं रणगाड्याचं किट: टी-३४/८५ जोडून काही महिने झाल्यावर

रणगाड्याच्या प्लॅस्टिक मॉडेलचं पहिलं किट (सुटे भाग जोडून रंगवायचं खोकं) घ्यायचं म्हटलं की नजर हमखास जर्मन टायगरवर जाते. खोक्यावरचं चित्र जबरदस्त, ८८ मिमीची तोफ, नावाचा दबदबा. मी १/३५ स्केलचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या लांबीचा) सोव्हिएत टी-३४/८५ घेतला, आणि कारण अगदीच रुक्ष होतं. चाकं मोजली. टी-३४ला एका बाजूला पाच मोठी चाकं. सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला आठ ॲक्सल आणि प्रत्येकावर तीन चाकं, म्हणजे चोवीस, तीही एकमेकांत गुंतलेली. आतल्या रांगा बसवायच्या आधीच रंगवाव्या लागतात, नंतर तिथे ब्रश शिरत नाही. अमेरिकन शर्मनची चाकं जोडीजोडीने बोगीत, म्हणजे स्प्रिंगच्या चौकटीत बसतात आणि तो सगळा बारीक भागांचा खटाटोप सहा वेळा करायचा असतो. मधल्या काळात हाताखालून आणखीही किटं गेली, तरी मत तेच आहे. पहिलं किट चाकं बघून घ्यावं. तोफा बघून पुढची घ्यायला आयुष्य पडलंय.

स्केलचा प्रश्न लवकर मिटतो. खरा टी-३४/८५ तोफेसकट आठ मीटरच्या किंचित वर, म्हणजे १/३५ मध्ये साधारण २३ सेंमी. १/७२ मध्ये तोच ११ सेंमीचा होतो. लहान म्हणजे सोपं असं वाटतं खरं, पण तिथे हूक आणि कड्या चिमट्यातून उडाल्या की परत सापडत नाहीत. १/४८ चांगलं आहे, फक्त निवड कमी.

१/३५ हा आकडा कुठून आला ते मात्र मजेशीर आहे, आणि खरेदीच्या वेळी उपयोगीही. तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला, नंतर हिशेब केला तेव्हा तो साधारण १/३५ निघाला. बाकीचे उत्पादक त्याच मापावर आले. त्या मोटरवाल्या जमान्याच्या खुणा काही जुन्या साच्यांवर अजून आहेत: पोटाला स्विचची भोकं, ट्रॅकच्या (चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याच्या) वरची हलची (रणगाड्याच्या धडाची) बाजू खालून उघडी. असे साचे नवं चित्र लावून पुन्हा विकले जातात. तेव्हा खोकं नवं दिसलं तरी साचा कोणत्या साली निघाला ते स्केलमेट्स या संकेतस्थळावर बघून घ्या. तिथे एकेका किटची अख्खी वंशावळ असते. जुना साचा वाईटच असतो असं नाही, पण भोकं बुजवण्यापासून छंदाची सुरुवात कशाला?

आता जोडणी. मॉडेल जोडायचं पातळ सिमेंट साध्या गोंदासारखं चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन भाग एकमेकांत वितळून एकजीव होतात. म्हणून भाग आधी कोरडेच धरायचे आणि सांध्यावर ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. हलचा वरचा भाग खालच्यावर बसवताना एका कोपऱ्यात थेंब लावला की ओली काळपट रेघ फटीतून आपोआप पुढे सरकत जाते. त्या वाटेत बोट असेल तर सिमेंट बोटाखाली शिरतं आणि ठसा कायमचा. थोडं दाबून धरलं की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड सांध्यातून वर येते. दुसऱ्या रणगाड्यावर ती तासत बसावं लागतं. टी-३४वर ती वेल्डिंगसारखी दिसते!

नवशिक्याला हा रणगाडा मानवतो तो यामुळेच. मूळ गाडीच युद्धाच्या घाईत बनलेली, तिचा ओतीव टरेट (वरचा फिरता, तोफेचा बुरूज) खडबडीत, साच्याची शिवण स्पष्ट दिसणारी. निझ्नी तागील, गोर्की, ओम्स्क अशा वेगवेगळ्या कारखान्यांतून ती बाहेर पडायची आणि प्रत्येकाचे तपशील थोडे वेगळे. टरेटवर पॉलिश पेपरचे ओरखडे राहिले, तर पातळ केलेली पुट्टी जुन्या ब्रशने ठोकून लावा. ओरखडे झाकले जातात आणि ओतकामाचा पोतही येतो. तोफेची नळी तेवढी गुळगुळीतच हवी. ती दोन अर्ध्या तुकड्यांत असेल तर शिवण घासताना नळी सतत फिरवत राहा, नाहीतर एका बाजूने चपटी होते. एकसंध नळीचं किट मिळत असेल तर तेच घ्या.

खरी परीक्षा ट्रॅकची. टी-३४ला वरचे छोटे रोलर नाहीत, त्यामुळे ट्रॅकचा वरचा भाग सैल पडून सरळ चाकांवर टेकतो. माझ्या किटमध्ये मऊ व्हायनिलचे एकसंध ट्रॅक होते. ते रबर बँडसारखे ताणले जातात, चाकांच्या वर हवेत तरंगतात आणि सगळी गाडी खेळण्यातली वाटायला लागते. उपाय असा: चाकांच्या माथ्यावर सुपर ग्लूचा थेंब, त्यावर ट्रॅक दाबायचा आणि तो पकडेपर्यंत वरच्या फेंडरखाली (ट्रॅकवरच्या पत्र्याखाली) स्पंजचा तुकडा कोंबून ठेवायचा. हे जमतं, दिसतंही छान. पण व्हायनिलवर रंग नीट धरत नाही, वळणाशी त्याचे पापुद्रे निघतात.

दुसरा प्रकार सुट्या लिंकचा. एकेक लिंक जोडत ट्रॅक तयार करायचा. दिसायला अप्रतिम, पण पहिल्याच किटवर यात पडलेल्या माणसाचं खोकं माळ्यावर जायची शक्यता दाट. मधला प्रकार मला सर्वांत पटला: वरचा आणि खालचा भाग लांब सरळ तुकड्यांत, आणि फक्त पुढच्या-मागच्या गोलाईला सुटे लिंक. वरच्या तुकड्यात झोळ साच्यातच दिलेला असतो. टी-३४चा एक लिंक दाताचा, पुढचा बिनदाताचा असतो. तो क्रम चुकला की दात चाकांच्या मधल्या खाचेत नीट बसत नाहीत, एवढंच सांभाळायचं. मला पुन्हा टी-३४ घ्यायचा झाला तर खोक्यावर आधी हेच बघेन.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, कारण सगळी गाडी एकाच हिरव्या रंगाची. स्प्रे कॅनने पातळ थरांत काम होतं, एअरब्रशची गरज पडत नाही. हिरवा थोडा फिकाच निवडा, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) चढला की तो गडद होतो. टायरना निव्वळ काळा देऊ नका, गडद राखाडी द्या. आणि इनॅमल वॉश ओतताना हात आखडता ठेवा. त्याचं थिनर उघड्या प्लॅस्टिकमध्ये मुरलं तर ताणाखालचे भाग तडकतात, आणि सगळ्यात जास्त ताण असतो तो ॲक्सलवर. पोटाच्या आतूनही प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून घेतला तर ही धास्ती बरीच कमी होते.

कपाटात काही महिने राहिल्यावर काय टिकलं? रंग आणि मॅट वार्निश उत्तम. आकडे आणि घोषणांची डीकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) जागच्या जागी आहेत, मुळात ती होतीच चार-दोन, हाही नवशिक्याचा फायदाच. व्हायनिल ट्रॅक एका बाजूला पुढच्या चाकाजवळ सुटला, परत चिकटवावा लागला. ओढदोरासाठी दिलेल्या दोऱ्याला लव होती, तिने धूळ धरली. त्याजागी तांब्याच्या बारीक तारा पिळून लावल्या. सैनिकांनी धरायचे जे दांडे हल आणि टरेटवर असतात, त्यातला एक धूळ झटकतानाच मोडला. प्लॅस्टिकचे ते दांडे सुरुवातीलाच काढून तारेचे बसवले तर पुढची कटकट वाचते.

रशियन गाडी नकोच असेल तरी चाकांचा नियम लावता येतो. ब्रिटिश हवी तर मटिल्डा: तिच्या बाजूच्या चिलखती झडपांनी चाकांचा बराचसा पसारा झाकलेला असतो. जर्मनच हवी असेल तर हेट्झर: एका बाजूला चारच मोठी चाकं, टरेटच नाही, आणि तिरंगी छलावरण झेपणार नसेल तर नुसता गडद पिवळा रंगही चालतो. फक्त पूर्ण अंतर्भाग दिलेलं खोकं पहिल्यांदा उचलू नका, कुठल्याच गाडीचं. त्यातलं इंजिन आणि गोळ्यांची मांडणी रंगवता रंगवता बाहेरचा रणगाडा जोडायचा उत्साहच संपतो.