जुन्या दगडी घराचे सांधे: चुना की सिमेंट?

आजोळचं काळ्या दगडाचं माळवदी घर दुरुस्त करायचंय आणि भाचा अडलाय: दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, कशाने भरायच्या?

खर्च नि वेळ पाहिला तर सिमेंट सरस. पोतं दुकानात, गवंडी गावात. चुना आधी भिजवून मुरवायचा, मग वाळूसोबत चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या चरात, मळायचा. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी किती घालायचं हे जाणणारा गवंडी शोधण्यातच महिना जातो.

टिकण्याचं गणित मात्र उलटं. या भिंती दोन-अडीच फूट जाड. बाहेरून घडीव दगड, पोटात माती नि चिपा. पावसाळ्यात आत ओल जाणारच. चुन्याच्या दरजांतून ती पुढे सुकते, सिमेंट ती कोंडून धरतं. मग आतला गिलावा फुगतो, पांढरे क्षार फुटतात. शिवाय चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, भिंतीची बारीक हालचाल सोसतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४चं. त्याआधीचे वाडे काय हवेवर उभे होते?

म्हणून जुन्या भिंतींना चुनाच, एक हंगाम जास्त लागला तरी. नवं न्हाणीघर किंवा गोठ्याची जमीन करायची असेल, तर सिमेंट खुशाल वापर.