लिनक्सचे माउंट आणि अनमाउंट: जोडणी सुधारली, सोडवणूक मागे राहिली

डिस्क यंत्राला लावली म्हणून तिच्यावरील फाइली लगेच दिसू लागत नाहीत. तिच्यावरची फाइलसिस्टिम ओळखून ती डिरेक्टरींच्या चालू वृक्षावर एका ठरावीक जागी बसवावी लागते, आणि हे काम कर्नलखेरीज, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याखेरीज, कोणालाही करता येत नाही. अशा जोडणीसाठी (माउंट) आणि ती सोडवण्यासाठी (अनमाउंट) लिनक्स कर्नल जे सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामांनी कर्नलला मारायच्या हाका, पुरवतो, त्यांचे हे परीक्षण आहे. एका ग्रंथालयातील जुन्या पोथ्यांची आणि कागदपत्रांची स्कॅन केलेली पाने ज्या डिस्कवर साठवली जातात, त्यांची प्रत काढणारा प्रोग्राम मी लिहिला आहे आणि तो सांभाळते, त्यामुळे हे कॉल मी अनेक वर्षे थेट सी भाषेतून वापरत आले आहे. माझे मत आधीच सांगते. जोडण्याची बाजू २०१९ पासून फार चांगली झाली आहे, सोडवण्याची बाजू मात्र जवळजवळ होती तिथेच आहे, आणि साठवलेली माहिती गमावण्याचा खरा धोका याच दुसऱ्या बाजूला आहे.

ही जोडी युनिक्सइतकीच जुनी आहे. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतही 'माउंट' आणि 'उमाउंट' हे दोन्ही कॉल आहेत, आणि दुसऱ्या नावातील गळलेला 'न' आजतागायत कोणी परत बसवलेला नाही. जुन्या युनिक्समध्ये त्यांचे क्रमांक २१ आणि २२ होते आणि ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावरील लिनक्सनेही तेच ठेवले. ६४ बिटांच्या यंत्रावर माउंटचा क्रमांक १६५ आहे, तर १६६ क्रमांकावर 'उमाउंट२' आहे. साधा उमाउंट तिथे कर्नलमध्ये नाहीच, सी लायब्ररी फ्लॅगच्या (कॉलने कसे वागायचे ते सांगणाऱ्या खुणांच्या) जागी शून्य देऊन उमाउंट२ लाच हाक मारते.

जुना माउंट कॉल पाच गोष्टी मागतो: कोणते उपकरण, कोणती डिरेक्टरी, फाइलसिस्टिमचा प्रकार, फ्लॅग, आणि त्या फाइलसिस्टिमपुरत्या खास पर्यायांची एक ओळ. हे वरवर सरळ दिसते. प्रत्यक्षात या एकाच दारातून नवी फाइलसिस्टिम जोडणे, जोडलेलीचे पर्याय बदलणे, एका डिरेक्टरीचा मजकूर दुसऱ्या जागीही दाखवणारे बाइंड माउंट करणे, जोडणी एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे आणि जोडणीतील बदल दुसरीकडे पोचावेत की नाही (प्रसारण) हे ठरवणे अशी अगदी वेगवेगळी कामे होतात, आणि त्यांपैकी नेमके कोणते करायचे हे फ्लॅगमधल्या एकेका बिटावर ठरते. काम बदलले की पाचांपैकी काही गोष्टींकडे कर्नल मुकाट्याने दुर्लक्ष करतो. इथूनच बहुतेक चुका जन्माला येतात.

त्यांतली सर्वांत घातक चूक केवळ-वाचनाच्या बाइंड माउंटची आहे. मूळ पानांचा संग्रह दुसऱ्या डिरेक्टरीखाली दिसावा, पण तिथून कोणालाही त्यात लिहिता येऊ नये, अशी गरज मला नेहमी पडते. बाइंड आणि रीड-ओन्ली हे दोन फ्लॅग एकत्र दिले की काम होईल असे कोणालाही वाटेल. कॉल यशस्वी झाल्याचेही कळते, परंतु बाइंड करताना कर्नल रीड-ओन्लीचा फ्लॅग पाहतच नाही आणि नवी जागा लिहिण्यासाठी खुलीच राहते. ती बंद करण्यासाठी बाइंड आणि रीमाउंट हे फ्लॅग देऊन दुसरा कॉल करावा लागतो, आणि दोन कॉलांच्या मधल्या क्षणी संग्रह उघडा असतो. शिवाय रीमाउंट करताना आधीचे सगळे फ्लॅग पुन्हा सांगावे लागतात. 'नोसुइड' (तिथल्या प्रोग्रामांना मालकाचे अधिकार मिळू न देणारा फ्लॅग) सांगायला विसरले, तर ते संरक्षण कसलीही सूचना न देता निघून जाते. मागितलेले संरक्षण न देताच 'झाले' असे सांगणारा कॉल चांगला म्हणता येणार नाही, मग तो कितीही जुना आणि सवयीचा असो.

दुसरी तक्रार चुकांच्या निरोपाची आहे. काही बिघडले की माउंट कॉल फक्त एक क्रमांक परत देतो, आणि बहुतेक वेळा तो 'ईइनव्हॅल' असतो, म्हणजे दिलेल्यांपैकी काहीतरी चुकीचे आहे, एवढेच. माउंट कमांडने या क्रमांकावरून बांधलेला संदेश प्रत्येक प्रशासकाने वाचलेला असतो: फाइलसिस्टिमचा प्रकार चुकला असेल, पर्याय चुकला असेल, सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मुख्य नोंद) बिघडला असेल, कोडपेज किंवा साहाय्यक प्रोग्राम नसेल, किंवा आणखी काही असेल. दोष कमांडचा नाही, तिला तरी कर्नलने याहून अधिक काय सांगितले आहे? खरे कारण कर्नलच्या नोंदींत पडलेले असते, आणि ते वाचण्यासाठी 'डीमेसेज' चालवावे लागते.

पर्यायांच्या ओळीला एका मेमरी पानाची, म्हणजे बहुतेक यंत्रांवर ४०९६ बाइटांची, मर्यादा आहे. घरच्या डिस्कला ती कधी जाणवणार नाही. मात्र अनेक थर एकावर एक रचून एकच दाखवणाऱ्या ओव्हरले फाइलसिस्टिममध्ये सगळ्या थरांचे मार्ग एकाच ओळीत लिहावे लागतात, आणि म्हणून कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्राम, चालवणाऱ्या डॉकरच्या 'ओव्हरले२' मध्ये प्रत्येक थराला एक आखूड नावाचा सिम्बॉलिक दुवा मुद्दाम दिलेला असतो. इतक्या मोठ्या प्रणालीला ओळ पानात मावावी म्हणून नावे कापावी लागतात, यावरून जुन्या रचनेचे वय लक्षात येते.

जुलै २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.२ पासून या सगळ्यावर उत्तर मिळाले. डेव्हिड हॉवेल्स यांनी एका कॉलचे काम सहा कॉलांत विभागले. 'एफएसओपन' ने फाइलसिस्टिमच्या प्रकारासाठी एक रिकामा संदर्भ उघडतो आणि त्याचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या गोष्टीचा क्रमांक, मिळतो. 'एफएसकॉन्फिग' ने त्यात एकेक पर्याय स्वतंत्रपणे भरायचा आणि शेवटी सुपरब्लॉक तयार करायला सांगायचे. 'एफएसमाउंट' ने त्यातून जोडणी तयार होते, पण ती अजून वृक्षावर कुठेच नसते. 'मूव्हमाउंट' तिला योग्य जागी बसवतो. उरलेल्या दोघांपैकी 'ओपनट्री' असलेल्या जोडणीची प्रत काढतो, तर 'एफएसपिक' जोडलेल्या फाइलसिस्टिमचा संदर्भ पुन्हा हाती देतो.

कॉल वाढले तर काम वाढले, अशी शंका मलाही आली होती. चार दिवस कोड लिहिल्यावर ती राहिली नाही. प्रत्येक पर्याय वेगळा जात असल्यामुळे कोणता पर्याय नाकारला गेला हे त्या त्या कॉललाच कळते, आणि ज्या फाइलसिस्टिम्स तसे संदेश लिहितात त्यांच्याकडून चूक का झाली हे त्याच डिस्क्रिप्टरवरून साध्या 'रीड' ने शब्दांत वाचता येते. 'ई' ने सुरू होणारी ओळ चूक सांगणारी, 'डब्ल्यू' ची सावधानतेची आणि 'आय' ची माहितीची. ज्या प्रोग्रामने मागणी केली त्याच्याच हाती कारण पडते, हा माझ्या दृष्टीने या संचातील सर्वांत मोठा लाभ आहे.

एप्रिल २०२१ मध्ये लिनक्स ५.१२ बरोबर ख्रिश्चन ब्राउनर यांचा 'माउंट-सेटॲट्र' आला आणि केवळ-वाचनाचे कोडे त्याने नीट सोडवले. कोणते गुण लावायचे आणि कोणते काढायचे हे यात वेगवेगळे सांगायचे असते, त्यामुळे न सांगितलेला गुण आपोआप निघून जात नाही. हवे असल्यास खालच्या सगळ्या जोडण्यांवर तो एकदमच लागू होतो, म्हणजे सर्वांवर लागतो किंवा कोणावरच लागत नाही. आता मी ओपनट्रीने संग्रहाची प्रत काढते, वृक्षाबाहेरच तिला केवळ-वाचनाची करते आणि मगच जागेवर बसवते. लिहिता येईल अशा अवस्थेत ती कोणालाही एक क्षणसुद्धा दिसत नाही.

या संचाची एक उणीव सांगायलाच हवी. नवे कॉल कर्नलमध्ये आले तरी ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये त्यांची वेष्टने (सीमधून हाक मारायची फंक्शने) २०२२ च्या २.३६ आवृत्तीत आली आणि नेहमीच्या माउंट कमांडमागची लायब्ररी यूटिल-लिनक्स या साधनसंचाच्या २.३९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ मध्ये, नव्या कॉलांकडे वळली. मधल्या काळात बहुतेकांची मॅन पानेही (माहितीपुस्तिकेची पाने) हाती नव्हती. क्रमांक स्वतः लिहून आणि कर्नलचा मूळ कोड वाचून काम करावे लागले. इतक्या चांगल्या कामाला सोबत माहितीपुस्तिका मिळायला हवी होती.

आता सोडवणुकीकडे येते. उमाउंट२ दोनच गोष्टी घेतो: जागा आणि फ्लॅग. फ्लॅग न देता हाक मारली आणि ती जोडणी वापरात असली, तर 'ईबिझी' ('वापरात आहे') हा क्रमांक मिळतो. कोणी तरी तिथली फाइल उघडून बसले आहे, कोणाची चालू डिरेक्टरी तिथे आहे, आत आणखी एक फाइलसिस्टिम जोडलेली आहे, किंवा तिथल्या फाइलवर स्वॅप (मेमरीची जादा जागा) चालू आहे, यांपैकी काय हे कर्नल सांगत नाही. जोडताना काय चुकले ते शब्दांत सांगणारा कर्नल सोडवताना अजूनही एकच क्रमांक देतो. मग 'फ्यूजर' किंवा 'एलएसओएफ' चालवून सगळ्या प्रक्रिया धुंडाळायच्या, आणि त्या संपेपर्यंत परिस्थिती बदललेलीही असू शकते.

या त्रासावरचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे 'डिटॅच' फ्लॅग, कमांडवर ज्याला आळशी अनमाउंट म्हणतात. तो जोडणी वृक्षावरून तत्काळ काढतो आणि खरी आवराआवर वापर संपेपर्यंत लांबणीवर टाकतो. माझ्या प्रोग्रामच्या पहिल्या आवृत्तीत ईबिझी आला की मी हाच फ्लॅग देत असे. एका संध्याकाळी कॉल यशस्वी झाला, डिरेक्टरी रिकामी दिसली, पडद्यावर 'डिस्क काढा' असा संदेश आला आणि ग्रंथालयातील मदतनीस बाईंनी डिस्क काढली. प्रत काढणारी एक प्रक्रिया तेव्हा अजून लिहीत होती. त्या दिवशी स्कॅन केलेल्या शेवटच्या पोथीची पाने शून्य बाइटांची निघाली. मूळ प्रती दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून नुकसान झाले नाही, पण बाईंनी सांगितले तसेच केले होते आणि चूक सर्वस्वी माझ्या कोडची होती. फ्लॅग त्याच्या मॅन पानात सांगितल्याप्रमाणेच वागला. नाव काढून टाकणे आणि डिस्क मोकळी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा पुरते समजलेले नव्हते. यंत्र बंद करताना या फ्लॅगला जागा आहे, हाताने काढायच्या डिस्कसाठी नाही.

'फोर्स' फ्लॅगचे क्षेत्र मर्यादित आहे. नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या एनएफएसचा सर्व्हर गेल्यावर अडकलेल्या विनंत्या तोडण्यासाठी तो आहे आणि त्यात माहिती जाऊ शकते. 'एक्सपायर' फ्लॅग मात्र मला मनापासून आवडतो, जरी तो फारसा कोणी वापरताना दिसत नाही: पहिल्या हाकेला तो 'ईअगेन' ('पुन्हा प्रयत्न करा') परत देऊन जोडणीवर खूण करतो, आणि मधल्या काळात कोणीच तिला हात लावला नाही, तरच दुसऱ्या हाकेला ती सोडवतो. अडवणूक न करता निवांत जोडण्या आवरण्याची ही समंजस पद्धत आहे.

फ्लॅगशिवाय यशस्वी झालेला उमाउंटही दर वेळी पुरेसा नसतो. तीच फाइलसिस्टिम दुसऱ्या जागी, किंवा एखाद्या कंटेनरच्या माउंट नेमस्पेसमध्ये (जोडण्यांच्या त्याच्या वेगळ्या वृक्षात) स्वतंत्रपणे जोडलेली असेल, तर आपली जोडणी जाते आणि सुपरब्लॉक मागे जिवंत राहतो. म्हणून माझा प्रोग्राम आता आधी 'सिंकएफएस' ने उरलेली माहिती डिस्कवर उतरवतो, मग शून्य फ्लॅगने उमाउंट२ ला हाक मारतो, आणि ते यशस्वी झाल्यावर डिस्कचे उपकरण 'ओ-एक्सक्ल' ने, म्हणजे फक्त स्वतःपुरते, उघडून पाहतो. फाइलसिस्टिम कुठेही जिवंत असेल तर हे उघडणे ईबिझीने फसते, आणि ते फसत असेपर्यंत 'डिस्क काढा' हा संदेश पडद्यावर येत नाही. ही तपासणी मला बाहेरून जोडावी लागली आहे; उमाउंट२ मध्ये तिच्यासाठी एक फ्लॅग आला आणि अडवणाऱ्या प्रक्रियेचे नाव सांगण्याची सोय झाली, तर मी हे परीक्षण पुन्हा लिहीन.