गोचीड तापानंतर मोतीची किडनी तपासणारा दवाखाना

पाचपैकी पाच तारे, आणि त्यातले चार एका छोट्या डबीसाठी. आमच्या कुत्र्याला, मोतीला, गोचिडांमुळे बॅबेसिया (रक्तातल्या परजीवीचा ताप) झाला तेव्हा त्याची लघवी कोऱ्या चहासारखी यायची. ताप उतरल्यावर आधीच्या दवाखान्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं आणि आम्हाला घरी पाठवलं. मोती मात्र पाण्याचं भांडं चाटूनपुसून रिकामं करत होता.

इथल्या डॉक्टरबाईंनी जमिनीवर बसून त्याला तपासलं. हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, आणि त्याच्याशी लढताना रक्तात तयार होणारे कण किडनीच्या बारीक गाळणीत अडकू शकतात. किडनीचं साधारण 75 टक्के काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन बहुधा वाढतच नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्यांनी डबी दिली: सकाळची पहिली लघवी, तीही रंग निवळल्यावरचीच. मी वरणाचा जुना डाव घेऊन मोतीच्या मागे वाकून चालले. लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर 1.8 आलं, 0.5 च्या वर गेलं की प्रोटीन गळतंय असं धरतात.

औषधं, किडनीचं पथ्य आणि पुन्हा तपासणी. आता 0.4 आहे. फेरतपासणीची आठवण त्यांनीच फोन करून दिली. संध्याकाळी गर्दी फार असते, सकाळी जा. आणि आणखी एक, गोचिडांची पट्टी मानेला नीट कशी बसवायची, खाली दोन बोटं जातील एवढी, तेही दाखवून घ्या.