भोंग्याच्या जागी कॉलम स्पीकर: विश्वस्तांनी आणि सोसायट्यांनी घेण्याआधी वाचावं असं परीक्षण

कोपरखैरण्याच्या रो-हाउसची गल्ली घ्या, नाहीतर कोपरीतल्या जुन्या इमारती. मंदिर, मशीद, विहार, चर्च काहीही असो, गच्चीवर चार दिशांना तोंड केलेले भोंगे आणि खाली शंभर-दीडशे माणसांचा हॉल. ज्यांना ऐकवायचं ते खाली बसलेले, आणि आवाज जातो समोरच्या इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर. तक्रार आली की व्हॉल्यूम कमी होतो, दोन दिवसांनी आतलेच म्हणतात 'नीट ऐकू येत नाही', आणि नॉब परत वर. हे चक्र नॉबने सुटत नाही, स्पीकरचा प्रकार आणि जागा बदलली तरच सुटतं.

म्हणून हे परीक्षण एका सेटचं: १०० व्होल्ट लाइनवर (एका ॲम्पवरून लांब वायरने बरेच स्पीकर चालवायची पद्धत) चालणारे २० वॉटचे चार कॉलम स्पीकर, म्हणजे उंच-अरुंद खोक्यातले, ६० वॉटचा मिक्सर-ॲम्प्लिफायर आणि एक डायनॅमिक माईक. मंडपवाल्याला विचारलं तर तो 'अहुजाचा सेट' असंच म्हणेल, पण याच मापाचा माल इतर कंपन्याही बनवतात. नावापेक्षा खोक्यावरचे आकडे वाचा, त्यातही 'सेन्सिटिव्हिटी' हा आकडा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, ते त्यात लिहिलेलं असतं.

याच आकड्यात भोंग्याचं सगळं गुपित आहे. भोंगा आणि त्याचं युनिट (मागे बसवलेला, आवाज काढणारा भाग) मिळून हा आकडा १०८ च्या आसपास असतो, कॉलमचा ९४ च्या आसपास. वॉट दुप्पट झाले की साधारण ३ डेसिबल वाढतात; भोंग्याला २५ वॉट दिले तर त्यात १४ ची भर, म्हणजे एक मीटरवर १२२. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे ३२ मीटरवर ३० उतरून ९२ राहतात. बोलण्याची सरासरी कमाल पातळीपेक्षा साधारण १० ने खाली असते असं धरलं तरी समोरच्या बाल्कनीत ८२. कॉलमला ५ वॉट दिले तर एक मीटरवर १०१, आणि त्याच हिशेबाने बाल्कनीत ६१. तोच कॉलम हॉलच्या आत, तोंड खाली श्रोत्यांकडे असेल तर भिंत आणि दिशा मिळून आणखी बरंच कापतात. कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात समोरासमोरच्या भिंती आवाज परत फेकतात आणि दोन-चार डेसिबल इकडेतिकडे होतात. पण २१ डेसिबलचा फरक भिंतींनी पुसला जात नाही.

आता नियमाची बाजू. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर ही मर्यादा जास्तीत जास्त १० ने ओलांडता येते किंवा ७५ पर्यंत जाता येतं, यातलं जे कमी ते लागू. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा हद्दीवर ६५. लेखी परवानगी लागतेच. आणि पहाटे ६ च्या आधीची काकडआरती असो वा फजरची अझान, ती नियमाच्या लेखी रात्रीच आहे: बंदिस्त हॉलच्या आत, आतल्यांपुरतीच चालते. गच्चीवरच्या भोंग्याला त्या वेळी वावच नाही. आतल्या कॉलमला आहे, दारं-खिडक्या लावलेल्या असतील तर.

सेट घेतल्यावर निम्मी वाट लागते ती लावताना. कॉलम स्पीकर उभाच लावायचा. त्यात चार-सहा छोटे स्पीकर एकाखाली एक असतात, त्यामुळे आवाज आडवा पसरतो पण वर-खाली फार जात नाही. दाटीच्या वस्तीला हवा तो गुण हाच. साउंडवाला जागा नाही म्हणून, किंवा दारावर शोभून दिसतो म्हणून, तो आडवा टांगतो. मग गणित उलटं होतं: हॉलच्या कडेला बसलेल्यांना कमी ऐकू येतं आणि आवाजाचा पंखा सरळ वरच्या मजल्यांकडे उघडतो. असा आडवा कॉलम दिसला तर पैसे देऊ नका, आधी उभा करून घ्या. खालची कड जमिनीपासून साधारण दोन मीटरवर, वरची बाजू किंचित पुढे झुकलेली, पाच ते दहा अंश, तोंड मागच्या रांगेतल्या डोक्यांकडे. उघड्या दाराकडे किंवा जाळीकडे तोंड नको.

दोन कॉलम मोठ्याने वाजवण्यापेक्षा चार हळू वाजवा. प्रत्येकाला आपला स्पीकर जवळ मिळतो आणि एकाला ओरडावं लागत नाही. मार्बल-टाइल्सचा हॉल असेल तर घुमतो, शब्द एकमेकांवर चढतात, आणि तेव्हा लोक आवाज वाढवतात. त्याने अजूनच चिखल होतो. सतरंज्या आणि जाड पडदे इथे जास्त काम करतात.

वायरिंगच्या चुका ठरलेल्या आहेत. ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट असे खटके असतात. १०० व्होल्टचा कॉलम ८ ओहमवर जोडला तर कुजबुज ऐकू येते आणि मालक म्हणतो स्पीकर कमजोर निघाला. उलट, साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टवर जोडला तर स्पीकर जळतो, कधी ॲम्पही. प्रत्येक कॉलमच्या आत लाइन ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला २०, १०, ५ वॉटचे टॅप असतात, म्हणजे कॉलमने किती वॉट घ्यायचे ते ठरवणाऱ्या जोडण्या. चारही २० वर ठेवले तर बेरीज ८०, ॲम्प ६० चा: तो तापेल, आवाज फाटेल. सगळ्या टॅपची बेरीज ॲम्पच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायची, म्हणजे इथे ४८. चारही १० वर ठेवले तर ४०, चालतं. पण बहुतेक हॉलना ५ वरच पुरतं. वायर दीड चौरस मिलिमीटरची, दुपदरी, पाइपातून. जोड उघडे नकोत, १०० व्होल्टची लाइन झटका देते. आणि चारही कॉलमचे प्लस-मायनस सारखे जोडलेत ना हे बघा, एक उलटा असला तर दोन कॉलमच्या मधल्या जागेत आवाज पोकळ होतो आणि कोणालाच कारण कळत नाही.

पाच वॉटच्या टॅपचा आणखी एक फायदा आहे, जो विक्रेता सांगत नाही. नॉबला कुलूप लावलं तरी चावी कोणाकडे तरी असते. टॅप मात्र कॉलमच्या आत, स्क्रू काढल्याशिवाय हात लागत नाही. २० वरून ५ वर आणला की कमाल आवाजच ६ डेसिबलने खाली बसतो, मग नॉब कितीही फिरवा. त्याच्यावर लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं यंत्र, लावला तर उत्तमच. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ च्या निकालात धार्मिक स्थळांच्या ध्वनियंत्रणेतच डेसिबलची मर्यादा आपोआप बांधलेली असावी, याचा विचार सरकारने करावा असं सांगितलं, तेही याच दिशेचं. तक्रारदाराची ओळख उघड करू नये हेही त्याच निकालात आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीने ते लक्षात ठेवावं.

शिट्टी वाजली की दोष माईकला दिला जातो. बहुतेकदा माईक कॉलमच्या पुढ्यात आलेला असतो. कॉलम माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत आणि माईकची पाठ कॉलमकडे. तोंडापासून वीतभर अंतर पुरे. घंटा आणि टाळ माईकपासून दूर ठेवा, त्यांना यंत्राची गरज नाही.

आता उणी बाजू. बोलणं, प्रवचन, खुत्बा, वंदना, अझान यांना हा सेट छान आहे, शब्द भोंग्यापेक्षा साफ येतात. भजनाला मात्र कमी पडतो. पखवाजाचा धूम भाग छोट्या कॉलममधून येत नाही, भजनी मंडळी म्हणतील 'भरणा नाही'. त्यांचं खरं आहे. पण पखवाज हॉलमध्ये मुळात न वाढवता पुरेसा ऐकू येतो, माईक गायकालाच द्या. हजार-दोन हजारांची गर्दी रस्त्यावर बसणार असेल तर हा सेट त्या कामाचा नाही. दुसरं, बाहेर लावायचा असेल तर कागदी कोनाचा कॉलम ठाण्याच्या एका पावसाळ्यात लोळागोळा होतो. ॲल्युमिनियमच्या अंगाचा, पाणी सोसणारा घ्या, आणि खाडीजवळ असाल तर क्लॅम्प गंजरोधक. आत लावलात तर हा प्रश्नच नाही.

लावून झाल्यावर मोजा, पण मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका: फोनचा माईक जोरदार आवाज स्वतःहून दाबतो. हातात धरायचा मीटर घ्या, 'ए' वेटिंग (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणारी सेटिंग) आणि 'स्लो' (आकडा सावकाश बदलणारी) वर ठेवा, तोंडावर फोमचा गोळा लावा. हद्दीवर, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, भिंतीपासून लांब. आधी स्पीकर बंद ठेवून मोजा, मग चालू करून. फरक ३ डेसिबलपेक्षा कमी निघाला तर तो आकडा रस्त्याचा आहे, स्पीकरचा नाही. घोडबंदर रोडच्या कडेला हे हमखास होतं, तिथे रहदारी ओसरल्यावर मोजावं. तक्रार करणारी सोसायटी आणि विश्वस्त, दोघांनी एकत्र उभं राहून हा आकडा पाहिला तर पुढची अर्धी भांडणं होत नाहीत.

सेटला पाचपैकी चार. एक गुण पखवाजाचा कापला.

आणि बिल देण्याआधी गच्चीवर जाऊन या. भोंगे उतरवलेत, पण क्लॅम्प आणि वायर तशीच लोंबकळत ठेवलीत का, ते बघा. ठेवली असतील तर पहिल्याच उत्सवाला कोणीतरी भोंगे परत चढवेल. वायर ॲम्पपासून कापून, गुंडाळून खाली आणून घ्या.