भिंगाखालची ऑक्सफर्ड डिक्शनरी : काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९७१ची कॉम्पॅक्ट आवृत्ती म्हणजे मूळचे तेरा खंड दोन जाडजूड खंडांत. पहिल्यात ए ते ओ, दुसऱ्यात पी ते झेड आणि १९३३ची पुरवणी. मूळची चार पानं एका पानावर बसवल्यामुळे अक्षर बारीक झालंय, म्हणून खोक्याच्या वरच्या खणात भिंग दिलेलं असतं. मजकुराला मात्र कुठेही कात्री नाही. विस्मरणात गेलेल्या इंग्रजी शब्दांचा नाद असेल, तर रोजच्या वापरानंतर ठामपणे सांगता येतं : असा सोबती दुसरा नाही.

वापरातून गेलेल्या शब्दालाही इथे चालत्या शब्दाइतकाच मान आहे. शब्दाआधी † ही खूण असली की तो लोपला, पण त्याची व्युत्पत्ती, अर्थ आणि सालवार अवतरणं शाबूत असतात. 'रेअर' म्हणजे दुर्मिळ, या शेऱ्याच्या डोक्यावर उणे एक असेल तर एकच अवतरण सापडलंय. उणे शून्य असेल तर प्रत्यक्ष लेखनात एकही नाही, शब्द फक्त जुन्या कोशांत आहे. एवढं कळलं की इंटरनेटवरच्या 'सुंदर विस्मृत शब्दां'च्या याद्या पारखता येतात. 'अ‍ॅप्रिसिटी' म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. फार गोड शब्द, पण आधार हेन्री कॉकरमच्या १६२३च्या कोशाचा; लोक तो बोलत होते असं त्यावरून ठरत नाही. उलट 'ओव्हरमॉरो', म्हणजे येणारा परवा, माइल्स कव्हरडेलच्या १५३५च्या इंग्रजी बायबल-भाषांतरात चक्क वाक्यात वापरलाय. 'अबॅकॉट' तर छपाईच्या चुकीतून जन्मलेला. खरा शब्द 'बायकॉकेट', एक प्रकारची टोपी. ही चूक याच कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी उघडी पाडली. पहाटे छळणाऱ्या काळजीचा 'उख्तचेआरे' इथे शोधू नका. ११५०पूर्वीच लोपलेले शब्द या कोशाने घेतलेलेच नाहीत.

आता त्रासाचं. हातात धरायचं भिंग पाच मिनिटांत डळमळायला लागतं. कागदावर टेकणारं घुमटाकार भिंग वेगळं घ्या. ते उजेडही गोळा करतं. दिवा डावीकडून तिरपा ठेवा, समोरून ठेवला तर काच चमकते. कागद पातळ असल्याने मागचा मजकूर दिसतो, पानाखाली काळा कागद सरकवला की अक्षर उठून दिसतं. तरीही ३ आणि ८ यांत, आणि सालाआधीच्या इटालिक 'ए' व 'सी'मध्ये गल्लत होते. 'ए' म्हणजे त्या सालापूर्वी, 'सी' म्हणजे त्या सुमारास, त्यामुळे साल उतरवताना दोनदा पाहा. शिवाय ही सालं मूळ कोशाची, म्हणजे १८८४ ते १९२८च्या छपाईची. ऑनलाइन आवृत्तीत अनेक शब्दांची त्याहून जुनी अवतरणं सापडली आहेत. लेखात साल द्यायचं असेल तर तिथे खात्री करावी. पण शेजारच्या रकान्यातला अनोळखी शब्द नजरेत भरण्याची गंमत शोधचौकटीत नाही, आणि हा खटाटोप त्यासाठीच आहे.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात खंड खोक्यात कोंबून ठेवू नका, बुरशी धरते. बाहेर काढताना कण्याच्या टोकाला धरून ओढू नका, बांधणी तिथेच सुटते.

जुन्या बाजारात घेताना भिंगाचा खण उघडून पाहा, बहुतेकदा तो रिकामा असतो. १९९१ची एकखंडी कॉम्पॅक्ट मिळाली तर आधी एक पान वाचून बघा. तिच्यात एका पानावर नऊ पानं आहेत, आणि चाळिशी लागलेल्यांना ती झेपेलच असं नाही.