जुनी एसटीके की एलएम ३८८६? घरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी कोणती घ्याल

जुन्या डेकमधून निघालेली सान्यो कंपनीची एसटीके, म्हणजे स्पीकर चालवणारी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आयसी, हाती लागली की तिच्यावर अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा मोह होतो, आणि तो अजिबात वावगा नाही. पण दुकानात जाऊन आयसी विकतच घ्यायची असेल, तर मी एलएम ३८८६ ही त्याच कामाची दुसरी आयसी घ्यायला सांगेन.

एसटीके ४१९१-२ मध्ये दोन्ही चॅनेल एकत्र असतात, एलएम ३८८६ दोन लागतात. ताकद मात्र सारखीच. ±३५ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे ५० वॅट. म्हणजे २४-०-२४ चा (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट एसी देणारा) ट्रान्सफॉर्मर, १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, हीटसिंक हे सगळं दोन्हीकडे तेच. खरा खर्च इथेच होतो, त्यामुळे आयसीच्या किमतीवरून ठरवू नका. डेटाशीटवर डिस्टॉर्शन (आवाजात येणारी विकृती) एसटीकेचं ०.४ टक्के, एलएमचं ०.०३. घरातल्या साध्या स्पीकरवर, नेहमीच्या आवाजात हा फरक कानाला जाणवेलच असं नाही.

फरक कळतो तो काही बिघडल्यावर. स्पीकरच्या दोन वायरी एकमेकींना लागल्या की एसटीके क्षणात जाते. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सप्लायचा सगळा डीसी थेट स्पीकरवर येतो आणि वूफरची कॉइल जळते. म्हणून एसटीकेसोबत यूपीसी १२३७ या संरक्षक आयसीवर चालणारा, डीसी आला की स्पीकर तोडणारा प्रोटेक्शन रिले हवाच. एलएममध्ये शॉर्ट आणि अतिउष्णतेपासूनचं संरक्षण आतच आहे. तरी चांगले स्पीकर असतील तर रिले तिथेही लावा.

बसवायला मात्र एसटीके सोपी. तिची अ‍ॅल्युमिनियमची पाठ आतून इन्सुलेटेड असते, मध्ये अभ्रकाचा इन्सुलेटिंग पत्रा लागत नाही. हीटसिंक सपाट हवा, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा थर पातळ हवा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. एलएम ३८८६टी च्या धातूच्या पाठीवर मायनस सप्लाय असतो. तिथे अभ्रक आणि स्क्रूभोवती इन्सुलेटिंग बुश घालून, मीटरने हीटसिंक आणि मायनसमध्ये कंटिन्युइटी नाही ना, हे आधी पाहायचं. प्लॅस्टिक पाठीची टीएफ मिळाली तर ही कटकटच नाही.

एसटीकेची सगळ्यात मोठी अडचण अस्सल माल मिळण्याची. सान्योचा सेमीकंडक्टर विभाग २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काय किंवा ऑनलाइन काय, सान्योच्या नावाखाली डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे. आत लहान चिप घातलेली अशी आयसी आवाज वाढवला की दगा देते. डुप्लिकेट एलएमही येतात, पण अस्सल एलएम अधिकृत विक्रेत्याकडून नवी घेता येते. त्यामुळे चालू सेटमधून काढलेली एसटीके असेल तर खुशाल वापरा, नवी म्हणून विकली जाणारी घेऊ नका. स्पीकर ४ ओहमचे असतील तर एलएमच घ्या आणि ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा.

कोणतीही निवडा, पहिल्यांदा मेन सप्लाय १०० वॅटच्या सिरीज बल्बमधूनच (मेनच्या एका वायरीत मध्येच जोडलेल्या फिलामेंटच्या बल्बमधून) द्या, तोही स्पीकर न जोडता. कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब पेटून मंद व्हायला हवा. तो तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा. मग आउटपुटवर डीसी मोजा. दहा-वीस मिलिव्होल्ट चालतात, व्होल्टमध्ये दिसला तर स्पीकर जोडू नका.