पुण्यात मुलांसाठी विज्ञानाचं काय काय मिळतं: वर्षभर वापरून झाल्यावर

मागच्या जूनपासून पुण्यात आणि आसपास विज्ञानाचं जे जे काही फुकट किंवा स्वस्तात मिळतं ते वापरतेय, आई म्हणूनही (मुलगी सहावीत, धाकटा दुसरीत) आणि शाळेतली बाई म्हणूनही, कारण मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. पालकांच्या ग्रुपवर दर सुट्टीत "कुठे नेऊ यांना?" हे ठरलेलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी स्पष्ट सांगते, आपल्याकडे जागा चांगल्या आहेत, जायची पद्धत बेकार आहे. शाळेची बस येते, साठ मुलं उतरतात, दोन तासांत सगळं 'कव्हर' करायचं असतं, मागचा मुलगा ढकलतोय, पुढे बाई ओरडतायत, मग बटण दाबायला मिळतं पण दाबल्यावर काय झालं ते बघायला मिळत नाही. तीच मुलं चार जणांत नेली आणि एकाच वस्तूपाशी वीस मिनिटं सोडली तर वेगळीच दिसतात. म्हणून आता मी कुठल्याही जागेला मार्क देताना एवढंच बघते की मूल तिथे किती वेळ हात लावून बसू शकतं.

चिंचवडचं सायन्स पार्क, ऑटो क्लस्टरजवळचं. लहान मुलं असतील तर सुरुवात इथूनच करा. बाहेरच्या बागेतली उपकरणं धाकट्याला सगळ्यात आवडली, आत गाड्यांचं इंजिन, ऊर्जा वगैरे आहे ते मोठ्या मुलांचं काम. शेजारी तारांगणही झालंय. रविवारी दुपारी जाऊ नका, जमलं तर मधल्या वारी सकाळी जा आणि एका खेपेला एकच दालन. मुलगी पहिल्या वेळी सगळं बघून आली तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं, नंतर फक्त आरशांपाशी बसलो तर घरी येऊन चमच्यात उलटं तोंड बघत बसली, आतल्या बाजूने उलटं आणि बाहेरच्या बाजूने सुलटं का, हे तिनेच विचारलं.

आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था. पुणे विद्यापीठाच्या आवारात. इथे उठलं आणि गेलं असं चालत नाही, आधी चौकशी करून, वेळ ठरवून जायचं. 1988 साली जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था, आणि मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका पुलंच्या फाउंडेशनच्या देणगीतून झालेली, हे मला स्वतःला खूप उशिरा कळलं (पुणेकर म्हणून जरा लाजच वाटली). दुसऱ्या शनिवारची शाळकरी मुलांसाठीची व्याख्यानं ही तिथली जुनी ओळख, पण व्याख्यान हा प्रकारच सातवीच्या खाली जड जातो, दुसरीतल्याला नेऊन दोघांचाही छळ करू नका.

माझ्यासाठी तिथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे फूकोचा लोलक, लांब तारेला टांगलेला जड गोळा, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून त्याची झुलायची दिशा हळूहळू सरकताना दिसते. लोक येतात, फोटो काढतात, निघून जातात. अहो थांबा जरा! लोलक कुठल्या दिशेत झुलतोय ते लक्षात ठेवा, बाकी आवार फिरा, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे बघा, आणि तासाभराने परत या. पुण्यात ही दिशा तासाला साधारण पावणेपाच अंश सरकते म्हणजे पूर्ण फेरीला 75 तासांच्या वर लागतात. ध्रुवावर हीच फेरी एका दिवसात झाली असती आणि विषुववृत्तावर झालीच नसती, सगळा खेळ अक्षांशाचा, आपला 18.5. आठवीच्या मुलांना मी हे आकडे न सांगता आधी तास मोजायला लावला, तर एक जण म्हणाला बाई हा तर खूप स्लो आहे, मग का स्लो आहे यावर अख्खी तासिका गेली. पोर्शन मागे पडला, पडू दे.

आता खेळण्यांचं. अरविंद गुप्ता आयुकात बरीच वर्षं होते, त्यांची कचऱ्यातून केलेली खेळणी आणि शेकडो पुस्तकं वेबसाइटवर फुकट आहेत, मराठीतूनही. माझा वर्षभरातला सगळ्यात जास्त वापर याचाच, कुठे जायला नको आणि तिकीट नको. स्ट्रॉची पिपाणी करून बघा, टोक चपटं करून त्रिकोणी कापायचं, फुंकायचं आणि वाजत असतानाच दुसऱ्या टोकाने कात्रीने कापत जायचं, आवाज चढत जातो. ध्वनीचा धडा मी आता असाच सुरू करते (शेजारच्या वर्गाची माफी मागून). फक्त व्हिडिओ लावून मुलांपुढे ठेवू नका, बघून मुलांना वाटतं आपल्याला आलं, आणि हातात घेतलं की कळतं काहीच आलेलं नाही.

आकाशदर्शन. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासूनची, हौशी लोकांनी चालवलेली, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. याउलट एका रिसॉर्टच्या 'स्टारगेझिंग पॅकेज'ला आम्ही पैसे भरून गेलो तर हॅलोजन चालू, डीजे चालू, दुर्बिणीपुढे लांबलचक रांग आणि डोळा लावतो न लावतो तोच "चला पुढे". त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरून मृग, व्याध, कृत्तिका ओळखायला शिकवा आणि गुरू दिसत असेल तर कुणाची तरी साधी बायनॉक्युलर मागून आणा, हात टेकवून धरली तर गुरूचे मोठे चंद्र दिसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागा बदललेल्या असतात. मुलीने वहीत ठिपके काढून ठेवलेत, पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा तिला ते जास्त कळलं.

खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, नारायणगावहून आत. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जा, आसपासच्या गावांतल्या शाळांचे प्रयोग मांडलेले असतात आणि काही पुण्यातल्या शाळांना लाजवतील असे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, आणि मुलं पहिलं विचारतात ते हेच की या जाळीच्या का, पत्र्याच्या का नाहीत. तर वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो, आणि ज्या रेडिओलहरी पकडायच्या त्या वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटर लांबीच्या, त्यांना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. मोबाईल बंद ठेवायला लावतात, तो का हे पण मुलांनाच विचारा.

शिक्षकांसाठी थोडं वेगळं. पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेच्या सायन्स अ‍ॅक्टिव्हिटी सेंटरच्या शिक्षक कार्यशाळांची घोषणा आली की मुख्याध्यापकांच्या मागे लागा, कारण खरी अडचण रजेची असते, शिकायची नाही. आणि शून्य सावलीचा दिवस! कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं म्हणून आपल्या प्रत्येक गावात सूर्य वर्षात दोनदा बरोबर डोक्यावर येतो, कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात 13-14 मेला, नागपूरला 26 च्या आसपास. पण मेमध्ये शाळा बंद आणि जुलैअखेर दुसरी संधी येते तेव्हा ढग. आम्ही मग सोसायटीच्या पार्किंगमध्येच केलं, पाइपचा तुकडा उभा ठेवून, आणि बाराला नाही तर 12:31 च्या सुमारास सावली गायब, वॉचमनकाका सगळ्यात जास्त खूश.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेबद्दल दर वेळी विचारणा होते. सहावी आणि नववीसाठी आहे, प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाचे टप्पे असलेली, परीक्षा म्हणून चांगली. पण एका क्लासने पाच आकडी फी घेऊन 'प्रकल्प करून देऊ' म्हटलं तिथेच मी उठले, मुलीने परीक्षा आपली आपण दिली, लेखीच्या पुढे गेली नाही, काही बिघडलं नाही.

शेवटी सामानाचं, कारण कार्यशाळेतून आल्यावर सगळे तिथेच अडतात. सेफ्टी पिनांवर फिरणाऱ्या छोट्या घरगुती मोटरसाठी वार्निश लावलेली तांब्याची तार लागते, ती ऑनलाइन महाग पडते. पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याकडे जा, तो उरलेले तुकडे असेच देतो. एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूने, दोन्ही पूर्ण खरवडलीत तर गुंडाळी नुसती थरथरते, फिरत नाही.